ताडोबा : वनरक्षण आणि पर्यटनाची स्पर्धा

अरण्याचे रक्षण करणाऱ्या शासकीय यंत्रणेस पर्यटनाची वाढती स्पर्धा जाणवू लागली म्हणजे तिच्यापुढे दोनच मार्ग उरतात, असा सर्वसाधारण समज आहे : प्रवेश बंद करणे, किंवा व्यवसायापुढे मान तुकविणे. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबाचा इतिहास पाहता तेथे तिसराच मार्ग अवलंबिला गेला असे दिसते. यंत्रणेने पर्यटनाची सीमा बाहेर सरकविली. या उपायाचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

ताडोबा हे नाव गोंड समाजाच्या तारू या दैवताशी निगडित असून वाघाशी झालेल्या झुंजीत त्याचा अंत झाला, अशी परंपरा आहे. १९५५ मध्ये ११६.५५ चौरस किलोमीटर क्षेत्राचे राष्ट्रीय उद्यान येथे स्थापन झाले, तेव्हा हा जिल्हा मध्य प्रदेशात मोडत होता. १९८६ मध्ये लगतच्या अंधारी अभयारण्याची भर पडली. पुढे या दोहोंचा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला व सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र त्याचा गाभा ठरले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभ्यास, छायाचित्रण इत्यादींप्रमाणेच पर्यटन हेही प्रवेशपरवान्याचे केवळ एक प्रयोजन होते. पर्यटक हा तेव्हा परवानगीने येणारा पाहुणा होता.

ही स्थिती पालटली ती २००६ च्या दुरुस्तीनंतर. तिने व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानांची तरतूद केली आणि पर्यटनाचे उत्पन्न स्थानिक कार्यासाठी वापरण्याची वाट मोकळी झाली. २०१० मध्ये गाभ्याभोवती सुमारे १,१०० चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र घोषित झाले. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटन तात्पुरते थांबविले. ऑक्टोबरात बंदी उठली, परंतु नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी गाभ्यातील पर्यटनास कमाल वीस टक्के क्षेत्राची मर्यादा घातली. मागणी मात्र घटली नाही. मोहर्ली, कोलारा येथील निवासव्यवसाय वाढतच होता. तेव्हा आगरझरी, देवाडा, जुनोना अशी बफरमधील प्रवेशद्वारे पुढे आली. पावसाळ्यात गाभा बंद असतानाही तेथील फेऱ्या चालू राहू लागल्या.

या धोरणाने गावकऱ्यांतून मार्गदर्शक व वाहनचालक निर्माण झाले, हा लाभ निर्विवाद होय. परंतु बफर हे रिकामे अरण्य नव्हे. तेथे गावे, शेते व गुराखी आहेत. उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचावयास जाणाऱ्यांची वाटही तीच आहे. गाभ्यातून बाहेर पडणारे तरुण वाघ याच भूमीत स्थिरावू पाहतात. पुण्यामुंबईहून आलेल्या प्रवाशास ज्या वाघाचे दर्शन भाग्याचे वाटते, तोच वाघ मोहफुले वेचणारीस जिवावरचे संकट असतो. गाभ्यातून बोटेझरी, जामणी या गावांचे पुनर्वसन झाले. बफरमधील गावांना मात्र वाघाशेजारीच राहावयाचे आहे.

म्हणून सीमा सरकविणे हे स्पर्धेचे निराकरण नसून स्थलांतर होय, असा निष्कर्ष काढावा लागतो. शिवाय ही सीमा अमर्याद सरकविता येणार नाही, कारण बाजूलाच चंद्रपूरच्या कोळसाखाणी व औष्णिक वीजकेंद्र आहे. यापुढे यंत्रणेच्या यशाचे माप वाहनांच्या संख्येत न शोधता, सीमेलगतच्या ग्रामस्थाला लाभात व निर्णयात किती वाटा मिळाला यात शोधणे इष्ट ठरेल. अभ्यासकांनी प्रवेशद्वारांच्या नोंदींबरोबर ग्रामसभांची इतिवृत्तेही तपासावयास हवीत, ती याचसाठी.