पेव, शिंके आणि पिंजरा

महाराष्ट्रातील जुन्या घरांत उंदराशी माणसाचा व्यवहार मुख्यतः धान्याच्या साठवणीतून ठरत असे. उंदीर मारणे हा त्या व्यवहाराचा लहान भाग होता आणि त्याला धान्यापर्यंत पोहोचू न देणे हा मोठा. भूतदयेचा उपदेश कीर्तनांतून घरोघरी पोहोचला होता हे खरे, परंतु उंदराच्या बाबतीत ती दया टिकली ती कोठीच्या रचनेमुळे, कारण ज्याच्या घरची ज्वारी सुरक्षित आहे त्यालाच उंदराला जीवदान देणे परवडते.

या रचनेचा सर्वांत कसबी नमुना म्हणजे पेव, अर्थात जमिनीत खोदलेले, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद असे कोठार. धान्य भरल्यावर त्याचे तोंड मातीने लिंपून बंद करीत. आतील धान्याच्या श्वसनाने प्राणवायू संपत जाई आणि कीड किंवा उंदीर तेथे तग धरू शकत नसे. पेव उघडल्यावर हवा खेळू दिल्याशिवाय माणसाने आत उतरायचे नाही, हा दंडक त्यामुळेच पडला. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीसाठी हीच पद्धत दीर्घकाळ चालली आणि २००५ च्या महापुरात तेथील अनेक पेवे निकामी झाली. कणगी, म्हणजे बांबूच्या कामट्यांनी विणून शेणमातीने लिंपलेली उभी कोठी, इतकी अभेद्य नव्हती. लिंपण खरवडले गेले की उंदराला वाट मिळे आणि घरातील बाईला पुन्हा हात शेणात घालावे लागत. दूधदुभते आढ्याला टांगलेल्या दोरीच्या शिंक्यात ठेवीत, जरी दोरीवरून उतरणाऱ्या काळ्या उंदरापुढे तेही कधी कधी अपुरे पडे.

मुंबईत हा समतोल मोडला. तेथे धान्य, गोदाम आणि माणसांची दाट वस्ती एकाच पेठेत आली, आणि सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला, तो भाग बंदरालगतच्या गोदामांचाच होता. उंदीर आणि प्लेग यांचा संबंध पिसवेमार्फत जुळतो, असे पॉल-लुई सिमोंद यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले, पण ते सहजासहजी मान्य झाले नाही. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाने लहान खोल्या बांधून त्यांत गिनीपिगांचे पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातील प्राण्यांना लागण झाली आणि दोन फुटांवरचे वाचले, कारण पिसू तेवढी उंच उडी घेऊ शकत नाही. निरपराध प्राण्यांच्या जिवावर मिळालेले हे ज्ञान असल्याने त्याचा अर्थ नीट लावणे अधिकच आवश्यक ठरते. मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा नवे शरीर शोधतात. म्हणून साथीच्या काळात पिसवांचा बंदोबस्त न करता उंदरांची सरसकट कत्तल केली तर माणसाचा धोका वाढतो. सार्वजनिक आरोग्याचा आजचा नियम आधी पिसवांचा नाश आणि मग उंदरांचे नियंत्रण असाच आहे.

प्लेगच्या त्या काळात मुंबईत उंदीर मारण्याला जैन आणि वैष्णव व्यापाऱ्यांचा विरोध होता. ज्या शहरात भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या हुकमावरून १८३२ मध्ये दंगल झाली आणि १८३४ मध्ये सर जमशेटजी जिजीभॉय व अमीचंद कुटुंबाच्या पुढाकाराने पांजरापोळ, म्हणजे निराधार जनावरांचे आश्रयस्थान, उभी राहिली, तेथे हा विरोध अनपेक्षित नव्हता. त्याला निव्वळ अंधश्रद्धा म्हणणे अन्यायाचे होईल; त्याची उणीव इतकीच की दया दाखवली गेली पण गोदामे उघडीच राहिली.

हाच धडा पुढे मराठवाड्यात अधिक कठोरपणे मिळाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भीतीने सोडलेल्या घरांत धान्य तसेच पडून राहिले, उंदीर बेसुमार वाढले आणि ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगसदृश तापाचे रुग्ण आढळले.

जाळीच्या पिंजऱ्यात उंदीर पकडून दूर नाल्याकडे सोडून येण्याची शहरी प्रथा सद्भावनेची आहे, परंतु अनोळखी जागी सोडलेला घरउंदीर मांजर, घुबड किंवा भूक यांच्या तोंडी लवकर पडतो, आणि पकडलेली मादी व्यालेली असेल तर फडताळामागील पिल्ले उपाशी मरतात. शिवाय त्या पिंजऱ्यात अनेकदा चिचुंद्री सापडते. ती उंदीर नसून कीटक खाणारा वेगळाच प्राणी आहे, तरी तिचाही बळी उंदीर समजून जातो. चिकट फळी मात्र या सर्वांहून क्रूर, कारण तिच्यावर अडकलेला जीव तासन् तास धडपडतो आणि कातडी सोलवटून, गुदमरून किंवा तहानेने मरतो. इंग्लंडने २०२२ मध्ये कायदा करून सामान्य नागरिकांना तिचा वापर बंद केला. भारतात १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा अनावश्यक यातना निषिद्ध ठरवत असताना ही फळी वाण्याच्या दुकानात मिळत राहते.

घरउंदीर सुमारे सहा मिलिमीटरच्या फटीतूनही आत येतो आणि मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते, म्हणून मारून रिकामी केलेली जागा लवकरच पुन्हा भरते. मोरीच्या नळाभोवतीची फट सिमेंटने बुजवावी, दाराखाली पत्र्याची पट्टी ठोकावी, धान्य घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे आणि खरकटे रात्रभर उघडे ठेवू नये. चिकट फळी मात्र घरात आणूच नये.