जोडी न जमलेल्या ओळी

पुण्यात सॉफ्टवेअरवाल्यांच्या कुठल्याही टेबलाशी चहा घ्यायला बसलात, तर ‘अरे, लेफ्ट जॉइन मार ना’ हे वाक्य कधी ना कधी कानावर पडतंच. वाक्य इतकं सहज येतं की ते मिळवायला किती वर्षं लागली, याचा पत्ताही लागत नाही.

एका वाचनालयाचं उदाहरण घेऊ. त्याच्या डेटाबेसमध्ये पुस्तकांचं एक टेबल, देणगीदारांचं दुसरं. काही पुस्तकं देणगीत आली, बाकीची वाचनालयाने विकत घेतली. दोन्ही टेबलं साध्या जॉइनने, म्हणजे इनर जॉइनने, जोडली, तर विकत घेतलेली सगळी पुस्तकं यादीतून गळतात. एरर येत नाही, इशारा येत नाही, ओळच नसते. नसलेली ओळ कोणाच्या डोळ्यांत खुपणार? लेफ्ट जॉइन हा आउटर जॉइनचा एक प्रकार; तो अशा पुस्तकाला यादीत ठेवतो आणि देणगीदाराच्या रकान्यात ‘नल’, म्हणजे माहिती नसल्याची खूण, भरतो.

१९७० मध्ये आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतून एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं, तेव्हा जॉइन होता, पण जोडी जमलेल्यांपुरताच. १९७६ मध्ये लाक्र्वा आणि पिरोत या दोघा संशोधकांनी जॉइनची व्याख्या रुंदावणारा निबंध लिहिला. १९७९ मध्ये खुद्द कॉडनी आपल्या मॉडेलचा विस्तार करताना आउटर जॉइन आत घेतला, आणि त्याच निबंधात नल आणि ‘खरं, खोटं, माहीत नाही’ असं तीन उत्तरांचं तर्कशास्त्रही मांडलं. १९८३ मध्ये ख्रिस डेट यांनी आउटर जॉइनवर स्वतंत्र निबंध वाचला. गंमत म्हणजे हेच डेट पुढे नलचे कट्टर विरोधक म्हणून ओळखले गेले.

आउटर जॉइन कागदावर आला तरी डेटाबेसच्या भाषेत, एसक्यूएलमध्ये, त्यासाठी प्रमाण शब्द नव्हता, मग ज्याने त्याने आपापली खूण काढली. ऑरॅकलने कंसातलं अधिक चिन्ह घेतलं, सायबेसने बरोबरच्या चिन्हाला तारा चिकटवला. आता खोच अशी, की ऑरॅकलचं अधिक चिन्ह जिथे नल भरायचा त्या बाजूला बसतं, आणि सायबेसचा तारा ज्या बाजूच्या सगळ्या ओळी राखायच्या त्या बाजूला. म्हणजे एकाच कामासाठी खुणा उलट्या दिशांना! एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर गेलेल्या माणसाचं डोकं फिरलं तर दोष त्याचा नव्हे. त्याहून मोठी अडचण ही, की या खुणा ओळी चाळणाऱ्या ‘व्हेअर’मध्येच लिहायच्या; त्यामुळे जोडणीची अट कुठली आणि चाळणीची कुठली, हे वेगळं काढता येत नसे. एसक्यूएल-९२ या प्रमाणाने ‘लेफ्ट आउटर जॉइन’ हे शब्द दिले आणि जोडणीच्या अटीला ‘ऑन’ हे स्वतःचं घर दिलं. ऑरॅकलने ती वाक्यरचना घेतली ती थेट २००१ मध्ये, ९आय आवृत्तीत.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण तोवर ओआरएमचे, म्हणजे ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंगचे, दिवस आले होते. टेबलातल्या ओळीला प्रोग्राममधला ऑब्जेक्ट मानायचं आणि एसक्यूएल मागच्या खोलीत ढकलायचं. २००१ मध्ये गॅव्हिन किंग यांनी जावासाठी हायबरनेट सुरू केलं आणि प्रोग्रामरच्या हातात एक टिंब आलं: पुस्तक-टिंब-देणगीदार-टिंब-नाव. दिसायला किती निर्मळ! पण हायबरनेटच्या क्वेरीत ‘देणगीदाराच्या नावाने क्रम लाव’ असं टिंबांनी लिहिलं, की पोटात इनर जॉइन तयार होतो आणि विकत घेतलेली पुस्तकं पुन्हा गायब. मागितला होता नुसता क्रम, झाली चाळणी. माझ्या मते ओआरएमची सगळ्यात महागडी चूक हीच: जॉइन लिहिण्याचा त्रास वाचवताना जॉइन कुठला, हा प्रश्नच डोळ्याआड केला. उपाय आहे: लेफ्ट जॉइन स्वतः लिहायचा, त्याला नाव द्यायचं आणि त्या नावाने क्रम लावायचा. देणगीदारावर जादा अट घालायची तर तीही जोडणीतच हवी; ‘व्हेअर’मध्ये टाकलीत तर नलवाल्या ओळी तिथे कापल्या जातात. जावाच्या जेपीए या प्रमाणात अशा अटीसाठी ‘ऑन’ आलं ते २०१३ मध्ये. तोवर हायबरनेटवाले आपल्या घरच्या ‘विथ’वर भागवत होते.

पायथॉनमधल्या जँगोच्या ओआरएमने तोच प्रश्न जास्त शहाणपणाने हाताळला. रकाना रिकामा असू शकतो हे त्याला मॉडेलवरूनच ठाऊक असतं, म्हणून क्रम लावताना तो आपणहून लेफ्ट आउटर जॉइन घेतो. गाळणी लावली आणि नलवाली ओळ तिच्यातून उतरणारच नसेल, तर इनर. अटी ‘किंवा’ने जोडल्या, तर पुन्हा आउटर. त्याच्या आतल्या कोडमध्ये यासाठी जे शब्द आहेत त्यांचा अर्थ होतो बढती आणि पदावनती. सरकारी कचेरीची आठवण यावी असा कारभार, पण ओळी हरवत नाहीत.

मायक्रोसॉफ्टकडे वेगळाच तमाशा. नोव्हेंबर २००७ मध्ये डॉटनेट ३.५ सोबत लिंक (LINQ) हे प्रोग्राममध्येच क्वेरी लिहायचं साधन आलं. त्यात जॉइन होता, पण लेफ्ट जॉइन नावाची क्रियाच नव्हती. आधी ग्रुपजॉइन करून प्रत्येक पुस्तकामागे देणगीदारांचा गठ्ठा बांधायचा, गठ्ठा रिकामा असेल तर डिफॉल्टइफएम्प्टीने त्यात एक नल ठेवायचा, मग गठ्ठे सोडवायचे. एका ओळीच्या कामाला तीन पायऱ्या. ही कसरत कितीजणांनी पाठ केली आणि कितीजणांनी जुन्या फाइलीतून उचलून चिकटवली, हे विचारू नये. मी दुसऱ्या गटातला. लेफ्टजॉइन आणि राइटजॉइन या क्रिया नावानिशी आल्या नोव्हेंबर २०२५ मध्ये, डॉटनेट १० सोबत. दोन्ही बाजूंच्या सगळ्या ओळी राखणाऱ्या फुल आउटर जॉइनला त्या यादीत जागा मिळाली नाही.