टोमॅटोची बगलफूट : ही खुडणी आली कुठून?



विहिरीवर पाच-दहा गुंठे टोमॅटो पहिल्यांदाच लावलेल्या माणसाचा एक प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, पानाच्या बगलेतून फुटवा येतोय, काढू का ठेवू?" एक शेजारी सांगतो, सगळे खुडा, फळ मोठं होतं. दुसरा म्हणतो, हात लावू नका, फांदी गेली की माल गेला. गंमत अशी, की दोघेही खरं बोलतात. दोघांनी पाहिलेलं झाड मात्र वेगवेगळं असतं. हे कसं झालं ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

टोमॅटो मूळचा आपला नव्हे. त्याचे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेत पेरू-इक्वेडोरकडे आढळतात. शेती रुजली ती मेक्सिकोत, आणि तिथल्या 'तोमात्ल' या शब्दावरून नाव पडलं. १५२१ साली स्पेनने तो मुलूख घेतला, आणि १५४४ साली इटलीतील मात्तिओली या वैद्याने आपल्या ग्रंथात या फळाची नोंद केली. आपल्याकडे मिरचीप्रमाणे तोही पोर्तुगीजांबरोबर आला असे मानतात. विदर्भात त्याला भेदरं म्हणतात, तर कुठे वेलवांगी. हे वेलवांगी नाव फार नेमकं आहे, कारण जुना टोमॅटो वेलासारखा वाढतच राहायचा. शेंडा थांबत नसे आणि प्रत्येक बगलेतून नवा शेंडा निघे.

अशा झाडाची खुडणी विशेष रुळली ती काचघरांत. इंग्लंड-फ्रान्सच्या मधल्या गर्न्सी बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस द्राक्षांच्या काचघरांतून टोमॅटो निघू लागला. तिथे जागा महाग आणि ऊन कमी. म्हणून एकच खोड दोरीला चढवायचं आणि बाकी फुटवे मोडायचे. "सगळी बगलफूट काढा" हा सल्ला अशा शेतीत शोभतो. आपल्याकडे उन्हाची टंचाई कधी होती, सांगा बरं!

मग १९१४ साली अमेरिकेतील फ्लोरिडात एक वेगळंच झाड सापडलं. ते ठरावीक उंचीला गेलं, शेंड्यालाच फुलांचा घोस आला आणि वाढ थांबली. शास्त्रज्ञांनी या गुणाला 'आपली छाटणी आपणच करणारा' असं नाव दिलं. त्यातून बुटक्या, झुडपी जातींची पिढी निघाली. त्यांची फळं बरीचशी एकदम पिकतात, म्हणून पुढे कॅलिफोर्नियात टोमॅटो यंत्राने काढता आला. आपल्याकडे दोन्ही घराणी आली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा रुबी वाढत राहणारी, तर त्याच संस्थेची पुसा अर्ली ड्वार्फ बुटकी. आजच्या संकरित बियाण्यांत दोन्ही प्रकार आहेत, आणि मधला अर्धवट वाढणाराही आहे.

तेव्हा फुटव्याला हात लावण्याआधी झाडाचं घराणं पाहावं. रोपवाटिकेतून रोपं घेताना बियाण्याची पिशवी मागून वाचावी. पिशवी नसेल तर झाडच सांगतं. दोन घोसांच्या मध्ये साधारण तीन पानं आणि शेंडा पुढे चाललेला, तर वेलवांगी. घोसांतलं अंतर एक-दोन पानांवर येत शेंड्यालाच घोस आला, तर बुटकी.

वेलवांगीला तार-बांबूचा आधार देऊन एक किंवा दोन खोडं ठेवावीत. बाकी फुटवे बोटभर असतानाच मोडावेत. बुटक्या जातीत पहिल्या घोसाच्या खालचे, जमिनीलगतचे फुटवेच तेवढे काढावेत, म्हणजे पानं मातीला टेकत नाहीत आणि करप्याला वाट मिळत नाही. वरचे काढू नका. झाड पुढे वाढणारच नसतं. मोडलेल्या फांदीबरोबर तिची फळंही गेली.

बीडच्या उन्हाचंही पाहा. चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो. त्या वेळी झाड उघडं केलं तर फळाच्या उन्हाकडच्या बाजूला पांढरा चट्टा पडतो आणि तो माल बाजारात कोणी उचलत नाही. गर्न्सीत पान काढून ऊन मिळवत. इथं पान राखून सावली मिळवायची.

खुडणी आपल्या लोकांना नवी नाही. निपाणीकडे तंबाखूचा शेंडा खुडून बगलेतले फुटवे वरचेवर काढतात, पान भरावं म्हणून. तंबाखू आणि टोमॅटो एकाच कुळातले, आणि इथेच खरा धोका आहे. १८८६ साली हॉलंडमध्ये मायर यांनी रोगट तंबाखूचा रस निरोगी झाडात घालून दाखवला, की पानावर हिरवे-पिवळे डाग पाडणारा मोझॅक रोग रसातून जातो. १८९२ साली रशियात इव्हानोव्स्की यांना आढळलं, की बारीक गाळणीतून गाळल्यावरही तो रस रोग लावतो. हा विषाणू टोमॅटोलाही लागतो, वाळलेल्या तंबाखूत टिकून राहतो आणि हाताने पसरतो. तळहातावर तंबाखू मळून किंवा विडी ओढून तसंच फुटवे मोडत गेलात, तर रोग या झाडावरून त्या झाडावर तुम्हीच नेता.

म्हणून खुडणीआधी साबणाने हात स्वच्छ धुवावेत, आणि बांधावर सुपारी-तंबाखू झाली तर पुन्हा धुवावेत. दव उतरल्यावर, कोरड्या झाडावर, सकाळीच काम करावे, म्हणजे दिवसभरात जखम सुकते. डागाळलेल्या, आकसलेल्या पानांचं झाड दिसलं तर त्याला चालू खुडणीत हात लावू नये. सगळी रांग संपल्यावर ते उपटून शेताबाहेर न्यावे आणि मगच हात धुऊन घरी यावे.