रानाचा अर्क

रझांचा 'बिंदू' कॉम्प्युटरवर काढायला वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्रॅम पुरतो. मधे एक काळं वर्तुळ, त्याभोवती आणखी वर्तुळं, बाहेर चौकट, चौकटीच्या कडेने पट्टे आणि त्रिकोण, मोजके रंग. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे; असा प्रोग्रॅम लिहायला मला अर्धा तास लागेल. त्यामुळे सैयद हैदर रझांच्या चित्रापुढे उभं राहून कुणी 'हे तर मीही काढेन' म्हणालं, तर मी त्याच्याशी भांडत नाही. काढता येतंच. मला पडणारा प्रश्न वेगळा आहे. जे अर्ध्या तासात काढता येतं, तिथवर पोचायला या माणसाला चाळीस वर्षं का लागली?

रझा आपल्यापर्यंत येतात ते बहुतेक वेळा बातमीतून. २०२३ साली त्यांचं 'जेस्टेशन' हे चित्र मुंबईतल्या लिलावात ५१ कोटी ७५ लाखांना गेलं, तेव्हा ती बातमी फोनोफोनी फिरली. आकडा सगळ्यांनी वाचला. त्या आकड्यामागे एक जंगल आहे, ते मात्र बातमीत कुठेच नव्हतं.

आधी एका शब्दाबद्दल. 'ॲबस्ट्रॅक्ट'ला मराठीत आपण 'अमूर्त' म्हणतो. म्हणजे ज्याला मूर्ती नाही, आकार नाही ते. ऐकताच वाटतं, चित्रातून काहीतरी काढून घेतलंय आणि आता रिकामी जागा उरलीय. पण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'ओढून बाहेर काढणं' असा आहे. माझ्या कामात हा शब्द रोज याच अर्थाने येतो. हजार तपशिलांतून जे कायम टिकतं तेवढं वेगळं काढायचं आणि बाकीचं मागे ठेवायचं. मागे ठेवलेलं नाहीसं होत नाही, सगळा डोलारा त्याच्याच जोरावर उभा असतो. या प्रक्रियेला आपल्याकडे एक जुना, घरगुती शब्द आहे: अर्क. पोतंभर पानं उकळून बाटलीभर उरतो तो. रझांची कारकीर्द मला अशी पानं उकळण्याची गोष्ट वाटते.

ती पानं मंडला जिल्ह्यातली होती. आज आपण कान्हाचे वाघ बघायला जातो, तोच हा जिल्हा. १९२२ साली बाबरिया नावाच्या खेड्यात रझांचा जन्म झाला. वडील वनखात्यात डेप्युटी रेंजर. त्यामुळे बालपण दाट रानात आणि नर्मदेच्या खोऱ्यात गेलं. पुढे आयुष्यभर ते दोन आठवणी सांगत राहिले. एक, रात्रीच्या जंगलाची भीती, आणि मग उजाडल्यावर, बाजाराच्या दिवशी रंगांनी उजळून निघणारी तीच जागा. दुसरी आठवण शाळेतली. मुलाचं लक्ष सारखं उडतं हे पाहून नंदलाल झारिया या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं. ही गोष्ट रझांवरच्या जवळपास प्रत्येक लेखात येते, आणि ती वाचून वाटतं की बिंदू त्यांना आठव्या-नवव्या वर्षीच मिळाला. पुढे फक्त रंगवायचं बाकी होतं.

तसं झालं नाही. मधली सगळी वर्षं त्यांनी निसर्गचित्रं काढली.

१९३९ ते १९४३ नागपूरच्या कलाशाळेत शिक्षण, मग काही काळ गोंदियाला चित्रकला शिक्षकाची नोकरी, आणि त्यानंतर मुंबई. दिवसा ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत काम आणि उरलेल्या वेळात चित्रं. पुढे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. या काळातली त्यांची जलरंगातली मुंबई बघण्यासारखी आहे. पावसात विरघळलेले रस्ते, ट्राम, फ्लोरा फाउंटन. जंगल सोडून आलेला हा मुलगा शहराकडेही हवा आणि पाऊस म्हणूनच बघतो. माणसं येतात ती ठिपक्यांसारखी.

१९४७ साली सूझा, हुसेन, आरा, बाकरे, गाडे आणि रझा या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. यातले हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातले, विज्ञानाचे पदवीधर. तेही निसर्गचित्रांपासून सुरू करून अमूर्ताकडे गेले. इंजिनिअरिंग करून चित्रांबद्दल लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हा तपशील जरा जास्तच आवडतो.

पण ते वर्ष फक्त कलेचं नव्हतं. फाळणी झाली. रझांची भावंडं आणि पहिली पत्नी पाकिस्तानात गेली. त्याच सुमारास वर्षभराच्या अंतराने आई-वडील वारले. रझा मागे राहिले. ज्या घरातून जंगल दिसायचं, ते घर आता उरलं नव्हतं.

१९४८ मध्ये ते काश्मीरमध्ये चित्रं काढत होते. तिथे त्यांची गाठ फ्रेंच फोटोग्राफर आन्री कार्तिए-ब्रेसों यांच्याशी पडली. त्यांनी चित्रं पाहिली आणि स्पष्ट सांगितलं की हात चांगला आहे, पण चित्रात बांधणी नाही. इमारतीला जसा पाया आणि सांगाडा लागतो तसा चित्रालाही लागतो, सेझान बघ. हा शेरा रझांनी मनावर घेतला. फ्रेंच शिकले, शिष्यवृत्ती मिळवली आणि १९५० मध्ये पॅरिसला गेले. पुढची साठ वर्षं घर तिथेच.

तिथून पुढे पानं उकळायला लागतात. १९५१ च्या 'ओ द काग्न'मध्ये दक्षिण फ्रान्समधलं टेकडीवरचं गाव आहे, पण नुसत्या घरांचे घट्ट बसवलेले ठोकळे. रस्त्यावर माणूस नाही. पावसात विरघळणारी मुंबई रंगवणारा तोच हात आता भूमिती शिकतोय. त्या सुरुवातीच्या वर्षांतल्या काही चित्रांत आकाशात काळा सूर्य येतो. हा तपशील लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

मग ते तैलरंगाकडे वळले. रंगाचे थर जाड झाले, घरांच्या कडा सुटल्या, चर्च आणि झाडं एकमेकांत मिसळली. १९५६ साली त्यांना 'प्री द ला क्रितीक' हा समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले बिगर-फ्रेंच चित्रकार. १९६२ मध्ये बर्कलीला शिकवायला गेले आणि अमेरिकेत रॉथ्कोची चित्रं पाहिली. नुसत्या रंगातून एवढं सांगता येतं, हे त्यांना तिथे दिसलं. पुढे ॲक्रिलिक आलं. ते लवकर वाळतं, त्यामुळे हात मोकळा आणि वेगवान झाला. 'ला तेर', म्हणजे 'धरती', या नावाची चित्रं या टप्प्यातली. त्यांत झाड शोधाल तर सापडणार नाही. काळोख आहे, काळोखात पेटलेले लाल-केशरी पट्टे आहेत, कुठेतरी हिरवा. रात्रीचं रान ज्यांनी पाहिलंय त्यांना हे कशाचं चित्र आहे ते सांगावं लागत नाही.

मला विचाराल तर रझांचा सर्वोत्तम काळ हाच, साधारण १९७० ते १९८५. तोवर पॅरिसमध्ये नाव झालं होतं, चित्रं विकली जात होती, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांना आपल्या चित्रात आपण कुठे आहोत हा प्रश्न छळू लागला. ते वारंवार भारतात येऊ लागले. अजिंठा, वेरूळ, बनारस, राजस्थान, गुजरात. राजस्थानी लघुचित्रांतली रुंद किनार आणि सपाट, धीट रंग त्यांनी उचलले. 'तपोवन' १९७२ चं, 'सौराष्ट्र' १९८३ चं. 'सौराष्ट्र' दोन मीटर बाय दोन मीटर आहे. फोनच्या पडद्यावर ती रंगीत गोधडी वाटते. प्रत्यक्षात ती भिंतभर तापलेली जमीन आहे. आता चित्रात कार्तिए-ब्रेसोंनी मागितलेली बांधणीही आहे आणि मंडल्याचं ऊनही.

आणि मग, १९८० च्या आसपास, या चौकटींमधे तो काळा गोळा येऊन बसतो. १९८१ च्या 'माँ'मध्ये तो मोठा, जड आहे आणि खाली देवनागरीत अशोक वाजपेयींच्या हिंदी कवितेतली ओळ लिहिलेली आहे. तो गुरुजींचा ठिपका आहे. पण पॅरिसच्या सुरुवातीच्या आकाशातला काळा सूर्यही तोच आहे आणि रानातली रात्रही तीच. ठिपका गुरुजींनी दिला हे खरं. त्यात भरायला जे लागलं ते जमवायला चाळीस वर्षं लागली. माझ्या प्रोग्रॅमला वर्तुळ काढता येतं. त्या वर्तुळात काय मुरलंय हे त्याला माहीत असण्याचं कारण नाही.

इथे एक अवघड गोष्ट बोलायलाच हवी. पुढची तीस वर्षं रझांनी बिंदू पुन्हा पुन्हा काढला. बिंदू, बीज, अंकुरण, सूर्य, नाग. पाच तत्त्वांचे पाच रंग. रेषा सरळ आणि स्वच्छ होत गेल्या. टीकाकार म्हणाले, हा आता ठप्पा झालाय, बाजाराला हवा तसा. रझांचं उत्तर असं की हा जप आहे. एकच नाव हजारदा घेतल्याने ते शिळं होत नाही, खोल जातं.

मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. जपातही प्रत्येक वेळी मन लागतंच असं नाही, कधी नुसते ओठ हलतात. उशिराच्या काही चित्रांत मला नुसते ओठ हलताना दिसतात. पट्टे नीट आहेत, रंग चोख आहेत, पण रान नाही. 'अंकुरण'मधल्या काही चित्रांत मात्र एकात एक अडकवलेल्या त्रिकोणांखाली अजूनही माती हलते. अर्क फार पातळ केला की रंग उरतो, वास जातो. म्हणून बिंदूपासून सुरुवात केली तर रझा सजावटीचे वाटतात, आणि जंगलापासून सुरुवात केली तर नाही.

नकलेचा अनुभव खुद्द त्यांनीही घेतला. २००९ मध्ये दिल्लीत त्यांच्या सुरुवातीच्या काळातल्या चित्रांचं म्हणून एक प्रदर्शन भरलं होतं. ते उद्घाटनाला गेले आणि भिंतीवरची चित्रं आपली नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. मला यातला योगायोग बोलका वाटतो. बिंदूची नक्कल करणं तर सोपंच. पण इथे कुणीतरी त्यांची धडपडीची वर्षं बनावट तयार केली होती, जी खरं तर जगूनच मिळवावी लागतात.

२००२ मध्ये पत्नी, चित्रकार जानीन मोंजिला, गेल्या. २०१० च्या अखेरीला रझा कायमचे भारतात परतले आणि दिल्लीत राहून शेवटपर्यंत रंगवत राहिले. २३ जुलै २०१६ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मंडल्याला, वडिलांच्या कबरीशेजारी दफन केलं.

हे वाचून झाल्यावर फोनवर त्यांची चित्रं शोधाल, तर आधी बिंदू बघू नका. चाळीसच्या दशकातली पावसातली मुंबई बघा, मग 'ओ द काग्न', मग 'ला तेर', मग 'सौराष्ट्र', आणि त्यानंतर 'माँ'. पाच चित्रं, दहा मिनिटं. शेवटच्या चित्रातल्या काळ्यावर बोटांनी झूम करा. तिथवर पोचेपर्यंत ते नुसतं वर्तुळ उरलेलं नसेल.