वार, बोर्डिंग आणि मूठभर धान्य

मूल शाळेत मागे पडले की पहिला ठपका पालकांच्या अनास्थेवर येतो. पालकसभांतून त्यांना उपदेश होतो आणि घरी लक्ष द्या म्हणून सांगितले जाते. हा ठपका नवा नाही. कुणब्याला विद्येची गोडीच नाही, असे एकोणिसाव्या शतकातही सर्रास बोलले जाई. 19 ऑक्टोबर 1882 रोजी शिक्षणविषयक हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी या समजुतीच्या मुळाशी हात घातला. शेतकऱ्याची मुले शाळेत येत नाहीत किंवा आली तरी टिकत नाहीत, कारण घरात दारिद्र्य आहे आणि गुरे राखायला, शेत सांभाळायला तीच मुले लागतात, असे त्यांनी लिहिले. रयतेच्या पैशावर शिक्षणखाते चालते, पण लाभ वरच्या वर्गांना होतो, ही तक्रार त्याच निवेदनात आहे, आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे ही मागणीही. महाराष्ट्रातल्या पुढच्या शंभर वर्षांचा अनुभव पाहिला तर फुल्यांचे निदान बरोबर ठरते. पालकांकडे इच्छा बहुतेक वेळा होती. नव्हती ती मुलाला परगावी ठेवण्याची, जेवू घालण्याची आणि त्याच्या मजुरीवर पाणी सोडण्याची ऐपत.

यावर एक हुकमी आक्षेप येतो: गरीब ब्राह्मणांची मुले कुणाच्या मदतीशिवाय शिकलीच ना? शिकली, पण मदतीशिवाय नव्हे. पुण्यात आलेला गरीब विद्यार्थी आठवड्याचे वार लावून सात घरी जेवे, नाही तर माधुकरी मागे. त्या अन्नात मिंधेपणा होता, अपमानही होता, पण ते मिळत असे, आणि ते जातीच्या बळावर मिळत असे. महाराच्या किंवा रामोशाच्या मुलासाठी वार लावणारे घर कुठे होते? वार हीसुद्धा एक संस्थाच होती. तिला फलक नव्हता, एवढेच.

जिथे ही सोय नव्हती किंवा अपुरी होती, तिथे सारा भार एका कुटुंबावर पडे आणि कुटुंबाला निवड करावी लागे. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे वडील गेल्यावर थोरले भाऊ गोविंदराव शिक्षण सोडून नोकरीला लागले. पगार 15 रुपये, त्यातले 8 रुपये ते दरमहा गोपाळला पाठवत. रामजी सकपाळ मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत संसार करत होते. मुलाच्या पुस्तकांसाठी ते विवाहित मुलींचे दागिने गहाण ठेवत. थोरल्या आनंदरावांचे शिक्षण थांबले, धाकटे भीमराव, म्हणजे पुढचे डॉ. आंबेडकर, पुढे गेले. कॉलेजात मात्र बापाची शिकस्त पुरली नाही. बडोद्याच्या सयाजीरावांची दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती आली तेव्हा वाट मोकळी झाली. या कथा आपण त्यागाच्या म्हणून सांगतो. त्या तशा आहेतच, पण एका मुलाच्या शिक्षणाची किंमत दुसऱ्याच्या शिक्षणाने चुकवावी लागली, हा त्यांचा दुसरा अर्थ आपण सहसा वाचत नाही. आणि निवड करायची वेळ आली की बहिणींचा विचार तर यादीतही नसे.

ही निवड टाळण्याची तजवीज मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा झाली ती कोल्हापुरात. शाहू महाराजांनी 1901 मध्ये मराठा बोर्डिंग उभे केले. त्यामागोमाग जैन, मुस्लिम, लिंगायत, शिंपी, दैवज्ञ अशी बोर्डिंगे निघाली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी 1908 मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग झाले. दरबाराने जागा दिल्या, इमारती दिल्या, अनुदाने दिली. खेड्यातल्या बापाला आता कोल्हापुरात नातेवाईक शोधायचा नव्हता की खानावळीचे बिल भरायचे नव्हते. जातवार बोर्डिंगांनी जात पक्की केली, ही टीका तेव्हाही झाली, आजही होते. ती पोकळ नाही. पण एका पंगतीला बसायला समाज तयार नसताना सर्वांसाठी एकच वसतिगृह काढले असते, तर ते कुणाच्या मुलांनी भरले असते, हेही विचारले पाहिजे. राजाराम कॉलेजच्या सामाईक वसतिगृहात काय घडले होते, ते महाराजांनी पाहिले होते. तिथे ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच प्राबल्य राहिले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोल्हापूर संस्थानाने 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. पालक उत्सुक असते तर दंड कशाला? खरे आहे, काहींना ढकलावे लागलेच. पण क्रम पाहा. बोर्डिंगे आधीची आहेत, पहिले तर सोळा वर्षे आधीचे, आणि ती कुठल्याही दंडाशिवाय भरली. गावातल्या शाळेपेक्षा शहरातले माध्यमिक शिक्षण कितीतरी महाग. त्या महागड्या टप्प्यावर खर्च उचलला गेला तेव्हा पालकांनी मुले आपणहून पाठवली. शिवाय सक्तीला विरोध करणारे सगळे गरीब पालक नव्हते. गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक 1912 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात 13 विरुद्ध 38 मतांनी पडले. ते पाडणारे सरकारी सभासद आणि प्रतिष्ठित मंडळी होती, कुणबी नव्हे.

भाऊराव पाटील याच कोल्हापुरातल्या जैन बोर्डिंगचे विद्यार्थी. त्यांनी 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे बोर्डिंग सुरू केले. कोल्हापुरात जे टप्प्याटप्प्यानेही जमले नव्हते, ते इथे झाले: सगळी मुले एकत्र राबत, एकत्र रांधत, एकत्र जेवत. दरबाराची तिजोरी पाठीशी नव्हती. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने मोडले गेले, त्यात मंगळसूत्रही गेले. पण दागिन्यांवर किती दिवस निघणार? संस्था टिकली ती मुलांच्या श्रमावर आणि गावोगावच्या धान्यावर. दळायला बसताना बाईने मूठभर दाणे बाजूला काढायचे, ते बोर्डिंगला जायचे. हा मुष्टिफंड मला या साऱ्या इतिहासातला सर्वात बोलका पुरावा वाटतो. ज्या बायकांना अक्षर येत नव्हते, मुलाचा अभ्यास घेणे ज्यांना शक्यच नव्हते, त्या स्वतःच्याच नव्हे तर परक्या मुलाच्या शिक्षणाला आधार देत होत्या. त्यांना अनास्थेचा दोष कोण देणार? त्यांना परवडेल एवढाच वाटा कुणीतरी मागितला, आणि तो त्यांनी दिला.

हा इतिहास आजच्या पालकाला अभ्यासाच्या जबाबदारीतून सोडवत नाही. मुलाने शाळेत काय केले हे विचारायला पैसे लागत नाहीत. पण बारावीच्या शिकवणीसाठी मूल लातूरला किंवा पुण्याला ठेवायचे म्हटले की सर्वात मोठा आकडा पुष्कळदा खोलीभाड्याचा आणि मेसचाच असतो, आणि शेत विकणारा बाप अजूनही दोन मुलांपैकी एकालाच पाठवतो. सरकारने 2016 नंतर गरजू विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आणि पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता या योजना आणल्या. त्या मुख्यतः राहण्याजेवण्याचाच खर्च देतात. पालकसभेत पुढच्या वेळी कुणी आईबापांच्या अनास्थेवर बोलू लागले, तर त्यांना एवढेच विचारावे: आपल्या तालुक्याच्या गावी वसतिगृहात जागा किती आणि अर्ज किती?