पर्यायी मार्ग व भारविभाजन, संगणकजालातील

संगणकजालातील संदेशांचा भार एकाहून अधिक राउटरांवर किंवा वाहिन्यांवर विभागणे आणि त्यांपैकी एक निकामी झाल्यास उरलेल्यांनी तो आपोआप उचलणे, अशी ही योजना होय. संदेशाचे लहान तुकडे (पॅकेट) योग्य दिशेने पाठविणाऱ्या उपकरणास राउटर म्हणतात.

या कल्पनेचा पाया अमेरिकन अभियंते पॉल बॅरन यांनी घातला. अणुयुद्धात मध्यवर्ती केंद्र नष्ट झाले, तरी संदेशवहन चालू राहावे, हा त्यांचा उद्देश होता. प्रत्येक केंद्र शेजारच्या तीन-चार केंद्रांना जोडल्यास जाल पुरेसे टिकाऊ होते, असे त्यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालांत दाखविले. १९६९ च्या अखेरीस आर्पानेट या जालात चार केंद्रे होती. कॅलिफोर्नियातील तीन केंद्रे त्रिकोणाकृती जोडलेली होती. यूटा विद्यापीठाला मात्र एकच वाहिनी होती. ती तुटल्यास दुसरा मार्ग नव्हता.

राउटर बंद पडल्यास काय करावे, याची ‘व्हीआरआरपी’ ही सामाईक नियमावली १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार दोन राउटर एकच सामाईक पत्ता सांभाळतात. प्रमुख राउटर सामान्यतः दर सेकंदाला आपण कार्यरत असल्याची सूचना देतो. सुमारे तीन सेकंद ती न आल्यास राखीव राउटर त्याची जागा घेतो. असे दोन पत्ते ठेवून प्रत्येक राउटरकडे एकाचे प्रमुखपद दिले, म्हणजे भारही विभागला जातो. मात्र दोहोंचा एकत्रित भार एकट्याला पेलता आला पाहिजे. अन्यथा एक बंद पडताच दुसराही कोलमडतो.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले. ३० जानेवारी २००८ रोजी ईजिप्तजवळ दोन सागरी केबली तुटल्या. मुंबईस येणाऱ्या या दोन्ही केबली नावाने वेगळ्या असल्या, तरी त्यांचा मार्ग जवळजवळ एकच होता. त्यामुळे देशाची सेवा मंदावली आणि संदेश पूर्वेकडील मार्गांनी वळवावे लागले.

ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूंनी जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. पुढे तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. आरंभी तालुक्याच्या ठिकाणापासून गावांपर्यंतची जोडणी मुख्यतः सरळ रेषेत होती. अशा रचनेत भंडारा जिल्ह्यातील एकोडीसारख्या गावाची स्थिती यूटासारखीच होते : रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली, की पलीकडील सर्व गावांतील दाखले, निवृत्तिवेतन व बँकव्यवहार थांबतात. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात म्हणून वलयाकार रचना स्वीकारण्यात आली. तीत एका बाजूने तुटलेल्या गावास दुसऱ्या बाजूने संपर्क मिळतो. वलयाच्या दोन्ही बाजू एकाच चरातून नेल्यास मात्र हा लाभ नाहीसा होतो.