नवजाचा पाऊस, पोफळीची वीज

कोयना म्हटलं की लोक ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाबद्दल विचारतात. मी धरणावर नोकरीला लागलो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. माझी सगळी नोकरी पाऊस मोजण्यात गेली.

कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीला खेटून दक्षिणेकडे जाते आणि हेळवाकला एकदम पूर्वेला वळते. पश्चिमेला कडा तुटलेला, खाली कोकण. धरणातलं पाणी बोगद्यातून त्या कड्याखाली नेऊन १९६२ मध्ये पोफळीच्या भुयारात पहिलं जनित्र फिरलं. युक्ती नवी नव्हती. लोणावळ्याचा पाऊस अडवून टाटांनी खोपोलीला १९१५ मध्येच वीज केली होती आणि मुंबईच्या गिरण्या त्यावर चालवल्या होत्या. चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरवायचा, इथेही तेच.

पुरवायचा म्हणजे हिशेब आला. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट), पण पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला दिले ६७.५० टीएमसी. आमचं वर्ष १ जूनला सुरू होई, जानेवारीत नव्हे. गंमत अशी, की ऑगस्टमध्ये तलाव तुडुंब असतो तेव्हा शेतीपंप बंद आणि विजेची मागणी उतरलेली. एप्रिलच्या संध्याकाळी सगळा महाराष्ट्र दिवे-पंखे लावतो तेव्हा पाणी तळाकडे निघालेलं. म्हणून साहेब लोक थेंब राखून ठेवत आणि मागणी चढली की यंत्रं फिरवत. फार राखलं आणि पाऊस दांडगा आला, तर सहा वक्र दरवाजे उघडायचे. मग खाली कराड-सांगलीचा जीव टांगणीला.

पाऊस किती येणार, याला हवामान खात्याचा अंदाज असे. १८८६ मध्ये ब्लॅनफर्ड साहेबाने हिमालयातलं बर्फ बघून मान्सूनचा पहिला अधिकृत अंदाज वर्तवला, पुढे पुण्याहून तो दरवर्षी निघू लागला. पण तो सगळ्या देशाचा. आमच्या खोऱ्यात आज किती पाणी येणार, हे कळे तीन जागांवरून: कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर. सकाळी आठला तिथले आकडे बिनतारी यंत्रावर यायचे, त्यावरून दिवसाची आवक बांधायची.

नवजाला पाऊस असा, की रात्रभराचं पाणी पर्जन्यमापकाच्या बाटलीत मावत नसे. इरलं घेऊन, कंदील सांभाळत मधेच उठून मोजायचं, बाटली रिती करायची, परत लावायची. जळवा वेगळ्या. एका जुलैत मला तापात झोप लागली. उठून पाहतो तर बाटली भरून वाहिलेली. शेजारच्या दिवसांवरून आकडा बसवून देतो म्हटलं, तर साहेब म्हणाले, "अरे, मनातून काढलेला पाऊस धरणात येत नाही. रेघ मार."

आता यंत्रं आपोआप आकडे पाठवतात. नोंदवहीत त्या तारखेला अजून माझी रेघच आहे.